बारा पॉइंट चार

फ्यूजला हे नाव त्याच्या दादाने ठेवलं. लोकांना वाटतं, माणूस चटकन उडतो म्हणून. तसं काही नाही. घरात सगळ्यांत बारीक हाच, आणि दादा म्हणायचा की गाडीत सगळ्यांत किरकोळ वस्तू कोणती, तर फ्यूज. आता तो पन्नाशीला टेकलाय, पोट सुटलंय, चष्मा लागलाय, तरी गल्लीत त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि पुढे एक गाडी उभी राहील एवढी जागा. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला डेंटर, म्हणजे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा. दिवसभर नुसती ठोकाठोक. स्वतःच्या मनातलं स्वतःला ऐकू येणार नाही अशी जागा, आणि फ्यूज तिथून हलत नाही तो त्यासाठीच, असं माझं मत आहे.

त्याच्या दुकानात आकडे उजळून दाखवणारी एकही वस्तू नव्हती. घड्याळ काट्यांचं. बॅटरी चार्जर काट्याचा. एकदा एका गिऱ्हाइकाने खूश होऊन त्याला लाल आकड्यांचं टेबलावरचं घड्याळ भेट दिलं. दुपारी त्यावर बारा वाजून चार मिनिटं झाली आणि फ्यूज उठून ते घड्याळ टायरवाल्याला देऊन आला. टायरवाला म्हणाला, "अहो, चांगलं चालू आहे की." फ्यूज म्हणाला, "चालू आहे म्हणूनच देतोय."

करंट मोजायचा मीटर तर त्याच्या हाताशी नव्हताच. गाडीच्या वायरिंगचं काम करणारा माणूस, आणि मीटर नाही. म्हणजे शिंप्याकडे टेप नसावी तसं. त्याचं सगळं काम एका टेस्ट लॅम्पवर: होल्डरमध्ये बसवलेला साधा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सुई. दिवा लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. गिऱ्हाइकं सांगायची, "मास्तर, नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, त्याच्या वायरीला तुमचा दिवा लावलात तर कॉम्प्युटर जाईल." तो म्हणायचा, "मग नवी गाडी दुसरीकडे न्या." आणि लोक खरंच न्यायचे. जुन्या गाड्या भंगारात जात होत्या, नव्या त्याच्याकडे थांबत नव्हत्या. डेंटर म्हणायचा, याला अक्कल नाही. टायरवाला म्हणायचा, अक्कल आहे, पण दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताक फुंकून पितोय. ते दूध कुठलं, हे मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

तर ते सांगतो.

सहा वर्षांपूर्वी फ्यूजने डिजिटल मीटर घेतला होता. गल्लीतला पहिला. काय मिरवायचा तेव्हा. चहावाला आला तर चहावाल्याला दाखव, पोस्टमन आला तर त्याच्या टॉर्चचे सेल काढून मोज. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, त्याचा तो दहावा दिवस होता. दुपारी दादा आला. दादाकडे बेकरीची गाडी होती. पहाटे पाव पोचवायचे, दुपारनंतर रिकाम्या पाट्या गोळा करायच्या, गावाबाहेरच्या दुकानांपर्यंत फेरी. म्हणाला, "मागचे दिवे फडफडतायत रे. बघून घे जरा, मला निघायचंय."

फ्यूजने मागचं झाकण उघडलं. बल्ब काढले, होल्डर घासून साफ केले आणि रिकाम्या होल्डरला मीटरच्या सुया लावल्या. बारा पॉइंट चार. बॅटरीत जेवढा करंट, जवळजवळ तेवढाच मागच्या टोकाला पोचतोय. आणखी काय पाहिजे? नवे बल्ब घातले, झाकण बसवलं. आता रिवाज असा की एकाने आत बसून दिवे लावायचे, ब्रेक दाबायचा, आणि दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. पोरसवदा मेकॅनिकलाही हे कळतं. पण मीटरने सांगितलं, बल्ब नवे कोरे, आणि ऊन असं रणरणत होतं की लागलेला दिवा धड दिसलाही नसता. आकडा हातात असताना दिवा कशाला बघायचा? फ्यूजने गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा दादा, बारा पॉइंट चार."

दादा हसला आणि गेला. संध्याकाळी धुकं उतरलं. परतीच्या रस्त्यावर मागून ट्रक आला. त्या ट्रकवाल्याने पोलिसांना सांगितलं की पुढे गाडी आहे हे दिसलंच नाही. सगळे म्हणाले, धुकं होतं, कसं दिसणार. म्हणाले, ट्रकवाले मेले कसे चालवतात ते माहीतच आहे. फ्यूजला कोणी काही विचारलं नाही. विचारायचं सुचणार तरी कोणाला?

चौथ्या दिवशी तो पोलिसांच्या आवारात गेला. तिथे अपघाताच्या गाड्या ठेवतात. दादाच्या गाडीचा मागचा भाग चेपून पुढे सरकला होता. त्याने वाकून डाव्या बाजूची अर्थिंगची तार शोधली. मागच्या सगळ्या दिव्यांचा करंट त्या एका तारेतून परत जातो. तारेचं काळं आवरण वरून धड होतं. त्याने ते नखाने सोललं, तर आत तांबं नाहीच. हिरवी भुकटी. कुठेतरी एखाद-दुसरा धागा अडकून राहिलेला. फ्यूजने वीतभर तार कापली, कागदात गुंडाळली आणि पाकिटात ठेवली.

तिथे उभ्याउभ्याच त्याला सगळं कळलं. अशा सडक्या तारेतूनही मीटरचा आकडा येतो, कारण मीटरला आकडा दाखवायला करंट लागतोच किती, सुईच्या टोकाएवढा. दिव्याला मात्र खराखुरा करंट लागतो. तो त्या भुकटीतून जात नाही. बल्ब काढून मोजलं की सगळं झकास, बल्ब घातला की अंधार. धंद्यातले जुने लोक याला खोटा करंट म्हणतात. उस्तादाने त्याला दहा वेळा सांगितलं होतं, आणि नव्या मीटरच्या नादात तो एकदा विसरला.

आता पाकिटातली ती तार त्याने कधी तपासली होती का? नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. कारण डोक्यात एक बारीकशी फट त्याने उघडी ठेवली होती: तार कदाचित एवढी वाईट नसेल, दिवे लागतही असतील, धुक्यातच दिसले नसतील. तपासली तर ती फट बंद होईल किंवा सगळा दरवाजाच उघडेल. माणूस अशा वेळी तपासत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकली म्हणून मन गप्प बसतं थोडंच. मीटर त्याने पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर टाकला, सेल काढून. तरी कधी दुपारी गल्ली जेवायला गेली आणि ठोकाठोक थांबली की त्याला माळ्यावरून बीप ऐकू यायचं. दोनदा तो शिडी लावून चढला आणि सेल खरंच काढलेत ना ते बघून आला. रस्त्याने चालताना तो माणसांकडे बघत नसे, गाड्यांच्या मागच्या दिव्यांकडे बघे. एखाद्याचा दिवा बंद दिसला तर हा जाडा माणूस पाठीमागे धावत सुटायचा, "ओ, थांबा, मागचा दिवा" असं ओरडत. लोक म्हणायचे, गिऱ्हाइकं कमी झाली, आता रस्त्यावर पकडतो. आणि झोपेत दादा यायचा. गाडीत बसलेला, इंजिन चालू, आरशातून मागे बघत. विचारायचा, "लागला का रे?" आणि फ्यूज दरवेळी, मान वर न करता, सांगायचा, "लागला."

या सगळ्यात एका माणसाची त्याला खरी भीती होती. वहिनींची.

वहिनींनी वर्षभरात गाडी चालवायला शिकून, एक जुनी गाडी घेऊन दादाचीच फेरी धरली. बेकरीवाल्याने नाक मुरडलं, पण तिसऱ्या आठवड्यात तोच म्हणायला लागला की पाव इतके वेळेवर कधी पोचले नव्हते. बाई कमी बोलणारी. गाडीचं काही असलं की फ्यूजकडेच यायची. स्टुलावर बसायची, त्याच्या हातांकडे बघायची, झालं की "येते भावजी" म्हणून जायची. एवढ्या वर्षांत एक शब्द वाकडा नाही. वाकडा शब्द आला असता तर बरं झालं असतं. चोराच्या मनात चांदणं, तसं तिच्या साध्या बघण्यातही फ्यूजला प्रश्न दिसायचा. तिच्या चपलांचा आवाज तो गल्लीच्या तोंडापासून ओळखायचा आणि तोंड बॉनेटमध्ये घालायचा.

यंदा वहिनींनी जुनी गाडी देऊन जरा नवी घेतली. हीही कोणीतरी वापरलेलीच, पण कॉम्प्युटरवाली. तिने एक खोड काढली. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. म्हणजे गाडी बंद, किल्ली घरात, तरी आत काहीतरी जागं राहून करंट पितंय. फ्यूजने टेस्ट लॅम्प लावून पाहिला. इतका बारीक करंट, दिवा कसला लागतोय. तो म्हणाला, "कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्या."

"नेली होती," वहिनी म्हणाल्या. "आठ दिवस ठेवून घेतली. बेकरीवाला तोवर थांबतो का?" मग म्हणाल्या, "त्यांच्याकडचा माणूस म्हणत होता, मीटरचं काम आहे. तुम्ही मीटर का वापरत नाही?"

"मला नाही जमत त्या आकड्यांचं."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी घेते. पहाटे गाडी बंद पडली की मी कोणाचं दार वाजवत बसू? माझं मीच बघेन. तुम्ही फक्त निवडून द्या आणि कसा लावायचा ते शिकवा. तेवढं तर जमेल?"

फ्यूजला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. जगात एवढ्या वस्तू, आणि या बाईला मीटरच हवा, आणि निवडून द्यायचा तो यानेच. नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं? तो म्हणाला, "उद्या दुपारी जाऊ."

रात्रभर त्याने एकच हिशोब केला. मीटर शिकवायचा म्हणजे पहिला धडा कोणता? रिकाम्या होल्डरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. दिवा लावून, म्हणजे लोड टाकून मोजायचं. हे सांगितलं की वहिनींना दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागणार? त्या दिवशी गाडी कोणाकडून निघाली होती, हे त्यांना पाठ आहे. आणि नाही सांगितलं, तर ही बाई पहाटेच्या अंधारात, त्याच रस्त्याने, त्याच आकड्यावर विसंबून जाणार. म्हणजे सांगावं तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि न सांगावं तर दादाबरोबर हिलाही पाठवायचं.

दुकान बाजारातल्या कोपऱ्यावर होतं, अवजारांचं. काचेचं काउंटर, मागे पकडी-पाने टांगलेले, काउंटरच्या टोकाला माल तपासायला एक बॅटरी. दुकानदार बोलका. फ्यूजला बघून म्हणाला, "या या. आज पश्चिमेकडून उगवला वाटतं. फ्यूजभाऊ आणि मीटर घ्यायला?"

"मला हवाय," वहिनी म्हणाल्या.

दुकानदाराने पाच डबे मांडले. फ्यूज एकालाही हात लावेना. दुकानदारालाच म्हणाला, "फिरवून दाखवा." पहिला पिवळा, खेळण्याएवढा. फ्यूजने वाकून सुया खुपसायच्या खळग्यांपाशी छापलेली बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. "याच्या दहा अँपिअरच्या वाटेला फ्यूज नाही. चुकून बॅटरीला आडवा लागला तर वायर हातात पेटेल."

"तुम्ही आहात ना बरोबर," दुकानदार म्हणाला, आणि स्वतःच हसला.

दुसरा होता गाड्यांसाठी म्हणून खास. इंजिनचे फेरे मोजतो, तापमान मोजतो, चकतीवर इतकी चिन्हं की चकती दिसेना. वहिनी म्हणाल्या, "यातलं मला लागणार किती?" फ्यूज म्हणाला, "चार. बाकीच्यात बोट चुकेल." तिसऱ्याच्या वायरी कडक. थंडीत अशा वायरी तडकतात. चौथ्याचा आकडा अंधारात उजळत नव्हता, आणि वहिनींचा दिवस अंधारात सुरू होतो. पाचवा करड्या रंगाचा, हातात भरेल असा, रबराच्या आवरणाचा. दोन्ही वाटांना फ्यूज, मऊ वायरी, मागे उभा करायला टेकू, अगदी बारीक करंटही मोजणारा.

"आणि यात ही एक जागा आहे," दुकानदार चकतीवर बोट ठेवून म्हणाला. "इथे फिरवलं की मीटर स्वतःच थोडा लोड घेतो. खोटा आकडा येत नाही. कोणी विचारत नाही याच्याबद्दल, पण आहे."

फ्यूज त्या चिन्हाकडे बघत राहिला. सहा वर्षांपूर्वी असा मीटर असता तर, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच त्याला स्वतःची शिसारी आली. मीटर काय करणार होता? मागे जाऊन बघायला कोणाच्या बापाने अडवलं होतं?

"खोटा आकडा म्हणजे?" वहिनींनी विचारलं. दुकानदाराला नाही, फ्यूजला.

आता आलं. नुसतं हो-ना करून वेळ मारून नेता आली असती. "काही नाही, तुम्ही या जागेवर ठेवून मोजत जा," एवढं म्हटलं की काम भागलं. पण मीटरचे सेल कमी झाले, चकती चुकून शेजारी राहिली, एखाद्या पहाटे घाई झाली, तर? ज्याला कारण माहीत नाही तो कधीतरी चुकतोच. ज्याला माहीत होतं तोसुद्धा चुकला होता.

"दाखवतो," तो म्हणाला. "एक बल्ब द्या. होल्डरसकट. आणि एखादी सडकी तार असेल तर."

"फ्यूजभाऊ, माझ्याकडे सडका माल नसतो," दुकानदार म्हणाला. बल्ब काढून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फ्यूजने पाकीट काढलं. कागदाची घडी उघडली, आणि ती वीतभर तार बॅटरी आणि होल्डरच्या मध्ये जोडली. बल्ब बाहेर काढून ठेवला. सुया त्याने वहिनींच्या हातात दिल्या. मीटरवर आकडा आला. बारा पॉइंट पाच.

"म्हणजे करंट येतोय," वहिनी म्हणाल्या.

"आता बल्ब घाला."

वहिनींनी बल्ब घातला. लागला नाही. नुसती लालीसुद्धा आली नाही. मीटरवरचा आकडा घसरून शून्याच्या आसपास आला. फ्यूजने होल्डर हलवून पाहिला, तारेची टोकं पुन्हा घट्ट पिळली, बल्ब काढून सरळ बॅटरीला टेकवला. तिथे तो लख्ख लागला. पुन्हा तारेतून लावला, पुन्हा काळा. वहिनींना शिकवायचं तो विसरूनच गेला होता. स्वतःसाठी तपासत होता, आणि दर खेपेला तेच उत्तर येत होतं. त्या फटीतून येणारा उजेड तिथे काउंटरवरच विझला.

वहिनी तारेकडे बघत होत्या. मग त्यांनी मीटर खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, गाडीत चला."

गाडी दुकानासमोरच उभी होती. दोघं पुढच्या सीटवर बसले. आत पावाचा वास. वहिनींनी काच वर केली. रस्त्यावर माणसं जात-येत होती, कोणीतरी हातगाडी ढकलत होतं.

"ती तार कुठली?"

"दादाच्या गाडीची."

"त्या दिवशी तुम्ही असंच बघितलंत? बल्ब काढून?"

"हो."

"आणि बल्ब घातल्यावर?"

"नाही बघितलं," फ्यूज म्हणाला. "दोन मिनिटांचं काम होतं. आकडा बघितला आणि पाठवून दिलं. वहिनी, दिवे लागत नव्हते. माझ्यामुळे लागत नव्हते. ट्रकवाला खरं बोलत होता." एवढं बोलून तो थांबला. सहा वर्षं घोटून ठेवलेलं सगळं चार वाक्यांत संपलं, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. आता त्या काय म्हणतील ते म्हणोत, असं मनाशी म्हणून तो खाली बघत बसला.

वहिनी म्हणाल्या, "दिवे लागत नव्हते, ते मला माहीत आहे."

फ्यूजने मान वर केली.

"ह्यांचा फोन आला होता. शेवटच्या दुकानावरून. तिथल्या माणसाने सांगितलं म्हणे, मागे अंधार आहे तुमच्या. मला म्हणाले, धुकं वाढतंय, मी इथेच थांबतो आणि फ्यूजला बोलावून घेतो, तो येईल स्कूटरवरून." वहिनींनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. "मी म्हटलं, कशाला. म्हटलं, पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, या हळूहळू. काळजीने नाही म्हटलं हो. रागाने म्हटलं. सारखं आपलं फ्यूज, फ्यूज. घरी आले तरी अर्धं बोलणं तुमचंच. त्या आठवड्यात तर तुमच्या त्या मीटरशिवाय दुसरं बोलणं नाही. मला वाटलं, आता हा येणार, दोघं तिथेच चहा पीत बसणार, आणि मी इकडे ताट वाढून वाट बघायची. म्हणून म्हटलं, त्याला नका बोलावू. तुम्ही या."

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. वहिनी पुढे म्हणाल्या, "मी तुमच्याकडे यायचे ना दर वेळी, ते हे सांगायलाच यायचे. तुम्ही बॉनेटमध्ये तोंड घालून बसायचात. मला वाटायचं, याला कळलंय. हा मला तोंडावर काही म्हणत नाही, पण याला कळलंय."

फ्यूजच्या मनात काय काय आलं, ते त्याने पुढे कोणालाच सांगितलं नाही. पण मी सांगतो, कारण कोणाच्याही मनात तेच आलं असतं. आधी त्याला हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. आणि मग एक भलतंच दुःख झालं, जे सहा वर्षांत कधी झालं नव्हतं: दादाने त्याला हाक मारली होती, आणि ती त्याच्यापर्यंत आलीच नव्हती. त्या संध्याकाळी तो दुकानातच होता. फोन समोर होता.

वहिनी त्याच्याकडे वळल्या. "एक विचारते. ह्यांनी बोलावलं असतं, तर गेला असतात ना?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं. त्या दिवशी मी लवकर घरी गेलो होतो वहिनी, स्कूटर बिघडली होती वहिनी, फोन लागलाच नसता. कोण तपासणार होतं? बाईचं ओझं उतरलं असतं. तसं म्हणावं असं त्याला मनापासून वाटलंही. पण एकदा ठीक आहे म्हणून त्याने एका माणसाला पाठवलं होतं, आणि ठीक नव्हतं.

"गेलो असतो," तो म्हणाला. "धावत गेलो असतो. वीस मिनिटांत पोचलो असतो."

वहिनींचा चेहरा आधी तसाच राहिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सहा वर्षांत फ्यूजने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीसुद्धा नाही. त्याचेही डोळे वाहत होते, आणि चष्मा काढायचंही त्याला सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "सगळे म्हणाले, होणारं टळत नाही," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली, बहीण म्हणाली, शेजारणी म्हणाल्या. जिला सांगितलं तिने हेच. तुम्हीही तेच म्हणाला असतात ना भावजी, तर मी तुमच्याशी पुन्हा कधी बोलले नसते."

दुकानदार गाडीपाशी आला आणि काचेवर टकटक केली. हातात करड्या मीटरचा डबा होता. बाईंना हा बांधून देऊ का, असं तो बाहेरून विचारत होता. दोघांकडे बघून त्याचा हात तसाच राहिला, आणि तो परत दुकानात गेला.